कबूल म्हणायला लागलेला वेळ

नंदूदादा,

त्या दिवशी सकाळी तुझ्या नंबरावरून फोन आला. मी उचलला, "बोल की दादा" म्हटलं आणि नेहमीसारखी गप्प राहिले. पलीकडून आवाज नव्हता. त्यात मला वावगं काही वाटलं नाही, आपल्या फोनची सुरुवात अशीच व्हायची. तुझा पहिला शब्द घशात अडकलेला असायचा आणि मी वाट बघायचे. फारच अडकलास की तू बोटातल्या अंगठीनं फोनच्या पाठीवर टकटक करायचास. म्हणजे लाईन चालू आहे, मी इथंच आहे, शब्द येतोय. मी एका हातानं आमच्या मेडिकलचं शटर वर ढकलत, दुसऱ्या हातानं फोन कानाला धरून त्या टकटकीची वाट बघत उभी राहिले. ती आली नाही. बऱ्याच वेळानं सुरेखावहिनींचा आवाज आला. "शबाना, आमचं ह्ये गेलं गं."

कसं झालं, कुठं झालं, दवाखान्यात न्यायला किती उशीर झाला, हे सगळं मला नंतर लोकांनी सांगितलं. ते तुला सांगण्यात काही अर्थ नाही. मला तुझ्याशी दुसरंच बोलायचंय. या दिवसांत मी रडले, पण त्याहून जास्त हसले. माझा नवरा इम्रान एकदा स्वयंपाकघरात आला तर मी भाकरी थापता थापता एकटीच हसत होते. त्याला कळलं असणार, कारण तुझ्या आठवणीनं तोही हसतो.

आपली पहिली भेट तुला माझ्याहून चांगली आठवायची, आणि दर वेळी तू ती जरा वाढवून सांगायचास. मी इथं खरी तेवढीच लिहिते. राजारामपुरीत, बोलण्यावर उपचार करणाऱ्या मॅडमचा दवाखाना, शनिवारचा दिवस. मी कॉलेजात नुकतीच गेलेली, अम्मीबरोबर जयसिंगपूरहून रेल्वेनं आले होते. बाहेर बसायला छोट्या छोट्या रंगीत खुर्च्या, कारण मॅडमकडे येणारी बहुतेक लहान पोरंच. त्यातल्या एका पिवळ्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन तू बसला होतास. भरदार मिशा, हाताला ग्रीसचे काळे डाग. अम्मीनं आपुलकीनं विचारलं, "पावणं, कुणाला घेऊन आलाय? बाळ आत गेलंय का?"

तू उत्तर द्यायला तोंड उघडलंस आणि शब्द आला नाही. ओठ मिटलेले, मिशी थरथरतेय, मानेची शीर वर आलेली. मी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्या कुणाला तसं अडकताना बघत होते. मला वाटलं आता हा माणूस खाली बघेल. मी खालीच बघायचे. पण तू सरळ अम्मीच्या डोळ्यांत बघत राहिलास, आणि शेवटी म्हणालास, "म्म... मीच. मीच त्ये बाळ."

अम्मी पदर तोंडाला लावून हसली. मी हसले. तू तर आमच्या दोघींपेक्षा मोठ्यानं हसलास, इतका की आतून मॅडम बघायला आल्या.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, ती आता सांगते. आपण अडकतो तेव्हा आपला चेहरा किती भयंकर दिसत असेल, असं मला लहानपणापासून वाटायचं. आरशासमोर अडकता येत नाही, त्यामुळे खात्री करायला मार्ग नव्हता. त्या दिवशी तुझा चेहरा बघितला आणि कळलं, भयंकर काही नाही. एक माणूस दार उघडायला धडपडतोय, एवढंच दिसतं. परत जाताना रेल्वेत अम्मी तुझंच कौतुक करत होती आणि मी खिडकीबाहेर बघत हेच घोळवत होते.

पुढच्या शनिवारी मी तुला "तुम्ही" म्हणायला गेले आणि 'तु'वर अडकले. तू म्हणालास, "तू म्हण की. एक अक्षर तरी वाचंल." तेव्हापासून तू माझा नंदूदादा झालास. तू मुरगूडचा मोटार रिवाइंडिंगवाला, बायकापोरांचा माणूस, मी टेलरची मुलगी. आपल्या दोघांत सारखं काय होतं तर घरच्यांनी केलेले उपाय. मला वेखंड उगाळून मधातून चाटवलं होतं, दर्ग्यातलं पाणी पाजलं होतं. तुला चुलत्यानं तोंडात गारगोट्या धरून बोलायला लावलं होतं आणि त्यातली एक तू गिळलीस. मग दोन दिवस सगळं घर तुझं बोलणं विसरून त्या गारगोटीच्या मागे लागलं. हे सांगताना तू 'ग'वर असा अडकायचास की ऐकणाऱ्याला गारगोटी अजून तिथंच आहे असं वाटावं. तू ते मुद्दाम करायचास का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की तोतरेपण काय दाढ नाही, उपटून हातात द्यायला. त्यांनी आपल्याला श्वास सोडत शब्दाला अलगद हात घालायला शिकवलं. पहिलं अक्षर ताणून बोलायला शिकवलं. अडकलोच तर जोर न लावता, अडकल्या जागी जरा थांबून हळू सुटायला शिकवलं. आणि मग एके दिवशी त्या म्हणाल्या की आता बाहेर जा आणि अनोळखी माणसांशी मुद्दाम अडखळून बोला. मी हादरलेच. जी गोष्ट लपवण्यात सगळं आयुष्य घातलं, ती चव्हाट्यावर मांडायची. मॅडमचं म्हणणं असं, की मुद्दाम अडखळलं की भीतीचा लगाम आपल्या हातात येतो.

मला तेव्हा ते पटलं नव्हतं. तुझ्यामुळे पटलं, आणि तेही रंकाळ्यावर.

आपण दोघं आणि सोबतीला अम्मी, असे रंकाळ्याच्या काठावर गेलो. संध्याकाळची गर्दी, भेळेच्या गाड्या. मॅडमनी सांगितलं होतं की कुणालाही साधा पत्ता विचारा. तुला 'र' सगळ्यात अवघड जायचा, म्हणून तू हट्टानं 'र'च निवडलास. पाण्याकडे पाठ करून उभा राहिलास आणि बाकावरच्या एका पैलवानी देहाच्या गृहस्थांना विचारलंस, "पावणं, र... र... र... रंकाळा कुठं हाय?"

ते गृहस्थ शेंगदाणे खात होते. त्यांनी तुझ्याकडे बघितलं, तुझ्यामागच्या एवढ्या मोठ्या तलावाकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "मागं फिरा की. ह्ये पाणी काय कुणाच्या आंगणात सांडलंय व्हय?"

अम्मी बाकावर बसकण मारून हसायला लागली. तू मात्र गंभीरपणे मागं वळून तलाव बघितलास आणि त्यांचे आभार मानलेस. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आपल्याला बसवून घेतलं, तू कुठला, काय करतोस विचारलं, आणि तू सगळं सांगितलंस, अडकत अडकत, अगदी गारगोटीसकट. ते हसले ते गारगोटीला हसले. तुझ्या अडकण्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. निघताना त्यांनी आपल्या सगळ्यांना भेळ खायला लावली. मग माझी पाळी आली. मी भेळवाल्याला विचारलं, "ज... जयसिंगपूरला जायला बस कुठं मिळेल?" त्यानं तिखट टाकता टाकता सांगितलं, आणि एवढंच. आकाश कोसळलं नाही. मी तुझ्याकडे बघितलं तर तू कुस्ती जिंकल्यासारखा माझा हात वर धरलास.

फोनचा सराव आपण त्यानंतर सुरू केला. तोतऱ्या माणसाला फोनसारखा वैरी नाही. समोरच्याला आपला चेहरा दिसत नाही, त्याला वाटतं फोन कट झाला आणि तो ठेवून देतो. आपले सुरुवातीचे फोन आठवतात? तू अडकलेला, मी अडकलेली, आणि दोन्हीकडे नुसती शांतता. एकदा असंच बराच वेळ झाला आणि मागून वहिनींनी विचारलं की फोन कानाला लावून झोपलाय का. तेव्हा तू अंगठीची युक्ती काढलीस.

आता आपल्या भांडणाबद्दल बोलू. ते कधी मिटलं नाही, आणि मिटायला नको होतं असं मला आता वाटतं.

मी मॅडमची गुणी विद्यार्थिनी होते. रोज सराव, रोज वाचन, अक्षर ताणणं, श्वास. वर्षभरात मी वर्गात उभी राहून बोलायला लागले. तू मात्र घरचा अभ्यास कधी केला नाहीस. मॅडमनी विचारलं की मिशीतल्या मिशीत हसायचास. मी चिडायचे. इतकी चांगली पद्धत हाताशी असताना हा माणूस स्वतःला कशाला त्रास करून घेतो, असं वाटायचं. आणि तू माझ्यावर चिडायचास, कारण मी पद्धतीबरोबर लबाडीही करायचे. अवघड शब्द आला की दुसरा सोपा शब्द घालायचे. दवाखान्याजवळच्या हॉटेलात मी दर शनिवारी लस्सी मागवायचे. मला कॉफी आवडते हे अम्मीनं सहज बोलताना सांगितलं, तेव्हा तू पेला खाली ठेवलास.

"मग लस्सी कशापायी पितीस?"

मी म्हटलं, 'क' येत नाही.

तू माझी लस्सी बाजूला सारलीस. मग म्हणालास, "तुला काय प्यायचं हाय त्ये तू ठरीव की. जिभेला कशाला इचारतीस?"

त्या दिवशी मी कॉफी मागितली. वेटर दुसऱ्या टेबलाकडे जाऊन परत आला तरी माझा 'क' चालूच होता. तू वेटरला हातानं थांबवून धरलंस, पण शब्द मात्र पुरवला नाहीस. ती कॉफी गार आणि जास्त गोड होती. मी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

तुझं म्हणणं सरळ होतं. आपण बोलायचं आपल्या गतीनं, आणि ऐकणाऱ्यानं थांबायला शिकायचं. मी म्हणायचे, जग कुणासाठी थांबत नाही दादा, म्हणून आपणच जरा सोपं करून घ्यावं. त्यात लाज कसली? चष्मा लावतोच की आपण. तू म्हणायचास, चष्मा लाव की, पर डोळं मिटून चालू नगंस. मॅडमकडे न्याय मागितला तर त्या म्हणाल्या की दोघांचंही बरोबर आहे. त्या दिवशी आपण दोघंही मॅडमवर रुसलो.

तुझ्या दुकानात मी पहिल्यांदा आले तेव्हा बघितलं, तू तिथं कसा बोलतोस ते. एक शेतकरी पाण्याची मोटार घेऊन आला होता. मोटार नुसती घुरघुरते, स्टार्टिंग घेत नाही, अशी त्याची तक्रार. तू मोटारीला कान लावलास आणि म्हणालास, "म्म... माझ्यावाणीच हाय. जरा दम धर, चालू हुती." तो शेतकरी हसत खाली पोत्यावर बसला आणि तंबाखू मळायला लागला. कुणी कुणाला घाई करत नव्हतं. मला तेव्हा वाटलं, हा माणूस दुकानापुरता राजा आहे. दुकानाबाहेर त्याचं राज्य कुठवर पोचलंय, हे बघायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

त्याआधी माझं लग्न झालं. इम्रानशी पहिल्यांदा फोनवर बोलायचं होतं तेव्हा तू बजावलं होतंस की पहिल्या वाक्यातच सांगून टाक. मी सांगितलं, की मी अडखळते, फोन कट झाला असं समजू नका. तो म्हणाला, बरं. आणि खरंच थांबला. एवढ्यावर मी हो म्हटलं, असं तू सगळ्यांना सांगायचास. त्यात फारसं खोटं नाही.

पण निकाह जवळ आला तशी माझी झोप उडाली. नवरीचा होकार घेणारे वकील आणि साक्षीदार बायकांच्या खोलीत येणार, माझ्यासमोर बसणार, सगळ्यांच्या देखत विचारणार, आणि मला म्हणायचं होतं 'कबूल'. म्हणजे 'क'च. त्याला दुसरा सोपा शब्द नाही. खाला, म्हणजे माझी मावशी, म्हणाली, "बेटा, मान हलवलीस तरी चालतं. कितीतरी मुली लाजून गप्पच बसतात." ती प्रेमानं म्हणाली, आणि चाललंही असतं. कुणाला संशयसुद्धा आला नसता. सगळ्यांना वाटलं असतं, लाजली.

मी तुला फोन केला. तू ऐकून घेतलंस. अंगठी बराच वेळ वाजत राहिली. मग म्हणालास, "लगीन तुझं हाय की. मग हो पण तूच म्हण. किती का येळ लागंना."

तो दिवस आला. माझे मामूच वकील होते. हातात रजिस्टर, मागं दोन साक्षीदार, खोलीत बायका खचाखच. मामूंनी नाव, मेहेर सगळं वाचलं आणि विचारलं, "कबूल है?"

मी तोंड उघडलं. काही आलं नाही. श्वास, अलगद सुरुवात, मॅडमचं सगळं शिकवणं त्या ओढणीखाली कुठं हरवलं कुणास ठाऊक. बांगड्यांचे आवाजसुद्धा थांबले. कुणीतरी कुजबुजलं की मुलगी राजी नाही की काय. मामूंचा चेहरा उतरला. खालानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मामूंना म्हणायला लागली, "कबूल है तिला, लिहा तुम्ही..."

मी ओढणीतून हात बाहेर काढला आणि मामूंची बाही धरली. धरूनच ठेवली. ते थांबले. सगळी खोली थांबली. आणि मग तो 'क' आला, एकदा, दोनदा, मोजायच्या पलीकडे, आणि त्याच्या मागून अख्खा शब्द आला. क... क... कबूल. खोलीतल्या बायका रडायला लागल्या. मी रडत नव्हते. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा मॅडमनी शिकवल्यासारखं मी श्वासावर शब्द सोडला, तो सरळ गेला. तिसऱ्यांदाही गेला.

बाहेर पुरुषांत खजूर वाटले जात होते. तू कोपऱ्यातल्या खुर्चीत, डोक्याला रुमाल बांधून बसला होतास. मी नंतर भेटले तेव्हा तू आशीर्वाद वगैरे काही दिला नाहीस. पहिला प्रश्न, "कितींदा अडकलीस?"

मी म्हटलं, पहिल्यांदाच तेवढी.

"मग बाकीच्या दोन फुकट घालीवल्यास," म्हणालास, आणि खजूर तोंडात टाकून दुसरीकडे बघायला लागलास. तुझे डोळे भरलेले मी बघितले होते. तू मिशी पुसत होतास, डोळे नाही, असा तुझा दावा होता.

शेवटचा फोन झाला तो तू जायच्या थोडे दिवस आधी. मी सांगितलं की आमच्या मेडिकलमध्ये एक औषध कंपनीचा माणूस आला होता, त्याच्याशी मी अर्धा तास बोलले, एकदाही अडकले नाही. मला अभिमान वाटत होता. तू म्हणालास, ऱ्हाऊ दे, मला अडकलेली शबानाच आवडती. मी चिडून म्हटलं, मला मात्र न अडकलेला नंदूदादा एकदा तरी ऐकायचाय. तू हसलास. म्हणालास, "त्यो लई कंटाळवाणा माणूस आसंल की." आणि कुणीतरी मोटार घेऊन आलं म्हणून फोन ठेवलास. माझं उत्तर तयार होतं. चांगलं होतं. ते तसंच राहिलं.

परवा मुरगूडला तुझ्या गल्लीतल्या मंडळानं शोकसभा ठेवली. मी आणि इम्रान आलो. दुकानासमोरच मांडव घातला होता, सतरंज्या टाकल्या होत्या. पुढं म्हातारी माणसं, मागं तरुण पोरं, एका बाजूला बायका, त्यांत वहिनी. मंडळाच्या लोकांनी मला बोलायला सांगितलं. मी तयारी करून आले होते. आदल्या दिवशी सगळं घोकलं होतं, कुठं श्वास घ्यायचा, कुठलं अक्षर ताणायचं. सगळ्यांसमोर व्यवस्थित बोलायचं ठरवलं होतं.

उभी राहिले. माईक हातात घेतला. सुरुवात तुझ्या नावानं होती. आणि 'न' आला नाही.

मला माहीत आहे अशा वेळी लोक काय करतात. आयुष्यभर बघितलंय. कुणी नजर खाली घालतं, कुणी शब्द पुरवतं, कुणी माईकवाल्याकडे बघतं. मी त्यासाठी अंग आवळून घेतलं. पण मांडवात काहीच घडलं नाही, दादा. कुणी मान खाली घातली नाही. मागची पोरंसुद्धा फोन खाली ठेवून माझ्याकडे बघत होती, जशी बस यायची वाट बघावी तशी निवांत. त्यांच्या चेहऱ्यावर दया नव्हती, संकोच नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं पटका सारखा केला, मांडी बदलली आणि अगदी सहज म्हणाला, "हूं दे सावकास, पोरी. आमास्नी सवय हाय."

मला तेव्हा समजलं, इतकी वर्षं तू त्या दुकानात बसून काय करत होतास. गल्लीच्या गल्ली तू थांबायला शिकवली होतीस, आणि कुणाला पत्ताही लागू दिला नव्हतास.

मी श्वास सोडला, पण घोकलेलं काही वापरलं नाही. घाई नव्हती. 'न' आला, परत आला, परत आला. सगळा मांडव माझ्याबरोबर बसून होता. मी माझा पूर्ण वेळ घेतला आणि तुझं नाव घेतलं.